नगराळेंची तिरपी पाटी

नवऱ्यानं बायकोबरोबर साडीच्या दुकानात जाऊ नये, आणि गेलाच तर बाहेरच्या स्टुलावर बसून काही वाचू नये, हे प्रेमदास नगराळेंना कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण ते गेले, बाहेर बसले, आणि वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मांडीवरची पिशवी वाचत राहिले.

प्रसंग तसा आनंदाचा होता. नगराळेंची जागृती दातांची डॉक्टर झाली होती. नागपुरात दुसऱ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या नावानं दाढा उपटून झाल्यावर तिनं ठरवलं, की आता आर्वीत जाऊन आपल्या नावानं उपटायच्या. बसस्टँडच्या रस्त्यावर पुंडलिकरावांच्या गाळ्यांच्या ओळीत एक गाळा मिळाला. उद्घाटनाला बुद्धपौर्णिमेचा दिवस ठरला, केळझरहून भंतेजी येणार हेही ठरलं. मग तानाबाईंना साडी हवी होती, म्हणून नवराबायको नागपूरला गेले. पहिल्या दुकानात तानाबाईंनी पांढरी, निळ्या काठांची साडी घेतली, आणि हिच्याहून चांगली साडी दुसरीकडे नाही ना, याची खात्री करायला त्या शेजारच्या दुकानात शिरल्या. अशी खात्री करायला किती वेळ लागतो हे ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना सांगायला नको.

पिशवीवर पहिल्या दुकानाचं नाव इंग्रजीत छापलं होतं, आणि ती अक्षरं म्हणजे काय अक्षरं होती! जाड, काळीभोर आणि सगळीच्या सगळी उजवीकडे झुकलेली, वाऱ्याच्या विरुद्ध सायकल हाणणाऱ्या माणसासारखी. जिथं जाड तिथं अंगठ्याएवढी आणि जिथं बारीक तिथं केसाएवढी. प्रत्येक अक्षराच्या पायाला चपटी टाच होती, आणि जे अक्षर वळत जायचं त्याच्या शेपटीला एक गोल थेंब होता, घुंगरू बांधल्यागत. प्रेमदासांनी जन्मभर अक्षरं पाहिली, पण इतकं ऐटीत उभं राहिलेलं अक्षर पाहिलं नव्हतं. तानाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आणखी दोन साड्या होत्या. एरवी यावर प्रेमदासांनी स्टेशनपर्यंत भाषण केलं असतं, पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, की पिशवी चुरगाळू नको.

प्रेमदास एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीत वळणदार हात त्यांचाच. त्यामुळे साहेब बदलला की दारावरची नवी पाटी रंगवायचं काम त्यांच्याकडे येई. कितीतरी साहेब त्यांनी असे पांढऱ्या रंगात दारावर बसवले आणि बदलीचा हुकूम आला की घासलेट लावून पुसले. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कुठल्याही दारावर कधी आलं नाही. कचेरीत लिपिकाला दारच नसतं, आणि घरी विजेचं मीटर अजून त्यांच्या वडिलांच्या नावानं होतं. याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी हसून नाही म्हटलं असतं. पण पोरीच्या पाटीचा विषय निघाला की ते खुर्चीत पुढे सरकून बसत.

दवाखान्याच्या तयारीत त्यांची सगळ्यांना अडचण होत होती. खुर्ची बसवणाऱ्याला ते खुर्ची कशी बसवावी ते सांगत, नळवाल्याला नळ. म्हणून जागृतीनं युक्तीनं त्यांना एकच काम दिलं, पाटीचं. तिची अटही एकच होती: स्टँडवर बसमधून उतरणाऱ्याला वाचता आली पाहिजे. बस्स. प्रेमदासांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात पिशवी होती.

कवडूचं फ्लेक्सचं दुकान आर्वीत जुनं. त्याच्याकडे वाढदिवसाचं अक्षर वेगळं, लग्नाचं वेगळं आणि श्रद्धांजलीचं वेगळं, आणि निवडणूक आली की तिन्ही एकाच फ्लेक्सवर. प्रेमदासांनी कापडी पिशवीतून ती कागदी पिशवी काढली (तिला सुरकुती पडू नये म्हणून पिशवीला पिशवी होती) आणि टेबलावर ठेवली. कवडूनं ती उलटसुलट पाहिली आणि सांगितलं, की असं ठळक, तिरपं, टाचांचं अक्षर इंग्रजीत पैशाला पासरी आहे, पण मराठीत त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नाही. वाटल्यास साधं अक्षर तिरपं करण्याचं बटण आहे. त्यानं ते दाबलं. अक्षरं तिरपी झाली, पण ऐट काही आली नाही. रांगेत उभ्या माणसांना मागून कुणी ढकलावं तशी ती दिसायला लागली. प्रेमदासांना वाईट वाटलं. साड्या विकणाऱ्या इंग्रजीला टाचा आणि बाबासाहेबांनी ज्या मराठीत पेपर काढले तिला नुसता धक्का, हे त्यांना पटेना. अक्षर आपण स्वतः काढू, असं सांगून ते पिशवी घेऊन निघाले.

मग घरातली जुनी कॅलेंडरं उलटी झाली. जेवायच्या टेबलावर पट्टी, पेन्सिल, काळी शाई, आणि ताटं मांडीवर. पहिली अडचण पुंडलिकरावांनी काढली. पुंडलिकराव म्हणजे गाळ्यांचे मालक, त्याच ओळीत त्यांची पिठाची चक्की. भुवयांवर कायम ज्वारीचं पीठ, त्यामुळे ते काहीही बोलले तरी वयस्कर सल्ला वाटे. चित्र पाहून ते म्हणाले, इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असते, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकलेलं असते. "लटकनाऱ्या मानसाले टाच कायले पायजे, भाऊ?"

या प्रश्नानं प्रेमदासांची झोप उडाली, कारण प्रश्न बरोबर होता. दळण घेऊन आलेल्या लोकांसमोर तो विचारला गेला, हे आणखी लागलं. बरेच दिवस ते रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्यांची बुडं पाहत चालायचे, एकदोनदा नालीत पायही गेला. शेवटी त्यांना तोडगा सापडला. शिरोरेघ सरळ ठेवायची. काना उजवीकडे झुकवायचा आणि त्याच्या खालच्या टोकाला टाच द्यायची. वेलांटी वरून खाली येते तिथं घुंगरू. पोट जाड, कंबर बारीक. त्यांनी कॅलेंडराची दोन पानं जोडून, शाईनं भरून पूर्ण नाव काढलं: डॉ. जागृती प्रेमदास नगराळे. आणि खरंच सांगायचं तर ते सुरेख दिसत होतं. तानाबाईंनी हातातलं लाटणं थांबवून पाहिलं. त्यांच्याकडून एवढी दाद म्हणजे साहेबाच्या शेऱ्याइतकी मोलाची.

पण जाड अक्षराला जागा लागते, आणि जाड अक्षर तिरपं झालं की बसमधल्या माणसाप्रमाणे त्याला शेजारच्याचीही थोडी लागते. गाळ्याची रुंदी ठरलेली. एवढ्या पाटीवर एवढं नाव बसवायचं तर अक्षर इतकं लहान करावं लागलं असतं, की स्टँडवरून वाचणं सोडा, पायरीवरूनही वाचता आलं नसतं. प्रेमदासांनी दोनतीनदा पट्टीनं मोजलं. मग त्यांनी नवीन कागद घेतला आणि मधलं नाव गाळून उरलेलं मोठं केलं. साहेब पुसायची सवय होती, एक बाप पुसायला काय वेळ लागतो. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. आधीचा मोठा कागद तानाबाईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर अंथरायला नेला.

नव्या चित्राचा बोभाटा गाळ्यांच्या ओळीत झालाच. पुंडलिकराव म्हणाले, माझी भिंत ओळंब्यात आहे, तिच्यावर अक्षर तिरपं दिसलं तर लोकांना भिंतच कलली वाटेल. उजवीकडच्या गाळ्यात मंजुषाचं ब्युटी पार्लर. तिला अक्षर इतकं आवडलं, की तिनं आपल्याही पाटीला तसंच मागितलं. प्रेमदासांनी गंभीरपणे सांगितलं, की हे अक्षर सध्या दातांसाठी राखीव आहे. जागृतीला ते दाखवायला गेले तेव्हा ती कॉम्प्रेसरच्या माणसाशी भांडत होती. तिनं मान न वळवता विचारलं, वाचता येतं ना? त्यांनी हो म्हटलं. आणि हा माणूस इथंच थांबला असता तरी बरं झालं असतं.

पण अक्षर अंगात आलं होतं. त्यांनी उद्घाटनाच्या पत्रिकाही त्याच अक्षरात छापायला टाकल्या. कवडू म्हणाला, काका, हे मोठ्याचं अक्षर हाय, लहान केलं तं मरते. प्रेमदासांनी उत्तर दिलं, की साहेब लहान खोलीत बसला म्हणून काही शिपाई होत नाही. पत्रिका छापून आल्या. अक्षरातल्या केसाएवढ्या रेघा छपाईत उडाल्या होत्या आणि जाड रेघा तेवढ्या उरल्या होत्या. पांढऱ्या कार्डावर काळे खुंट गाडल्यासारखे दिसत होते. नीट पाहिलं, थोडं लांब धरलं आणि आधीच माहीत असलं, तर मजकूर वाचता येत होता. हे लक्षात आलं तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यामुळे आता काही करण्यासारखं नव्हतं.

तानाबाईंचा भाऊ नागसेन रोहण्याला शेती करतो. पत्रिका पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या पहिल्या एसटीनं आला, अंगणातूनच दुपट्टा तोंडाला लावत आला, आणि दारात उभ्या असलेल्या बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागला. तानाबाईंना काही कळेना, पण भाऊ रडतो म्हटल्यावर त्याही रडल्या. आतून प्रेमदास दात घासत बाहेर आले. त्यांना पाहून नागसेन एक पाऊल मागे सरकला.

"भाऊजी, तुमी हायत?" तो म्हणाला. "मंग गेलं कोन?"

त्यानं खिशातून ते कार्ड काढलं. एवढं काळंकुट्ट कार्ड कोणी खुशीत छापते का, असा त्याचा सवाल होता. नागसेनला आलूपोहे दिले, चहा दिला, डोळे पुसायला टॉवेल दिला. आता आलोच आहो तर उद्घाटन करूनच जातो, असं म्हणून तो राहिला. प्रेमदासांच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. आपलं अक्षर पाहून आपणच मेलो असं माणसाला वाटावं, हा अपमान कुठल्या सदरात टाकायचा ते त्यांना कळेना.

मग परवाना आला. म्हणजे आला नाही, आणायला जावं लागलं. फलकाचा परवाना देणारी कचेरी नेमकी कुठली ते सांगत नाही, ज्याला गरज पडते त्याला ती बरोबर सापडते. तिथल्या बाबूनं चित्र पाहिलं, चष्मा कपाळावर नेला, परत पाहिलं. खालच्या ओळीत 'दंत चिकित्सालय' लिहिलं होतं, आणि शेवटच्या 'य'ला प्रेमदासांनी लाडानं एक लांब शेपटी दिली होती. बाबूनं त्या शेपटीवर बोट ठेवलं. म्हणाला, अक्षराचा पाय तुमच्या हद्दीत आहे, पण त्याचा रोख शेजारच्या गाळ्यात आहे. हे झुकणं अतिक्रमणात धरायचं की नाही, याचा खुलासा नियमात नाही.

कुणी दुसरा असता तर चिडला असता. प्रेमदासांना त्या बाबूचं कौतुक वाटलं. त्यांनी स्वतः खुर्चीवर असताना अगदी हीच हरकत काढली असती. दोघांनी चहा मागवला आणि एका व्यवसायातल्या दोन माणसांनी बोलावं तसे ते तिरपेपणावर बोलत बसले. ठरलं असं, की शेजाऱ्याचं 'तिरपेपणास हरकत नाही' असं लिहून आणायचं. मंजुषानं गिऱ्हाइकाच्या केसांना मेंदी लावता लावता सही केली, कागदावर मेंदीचा अंगठाही उमटला. बाबूनं तो ग्राह्य धरला आणि शिक्क्यासह मंजुरी दिली: तिरपा फलक मंजूर.

पाटी बसवायला कवडूची माणसं गेली तेव्हा ऊन रणरणत होतं म्हणून प्रेमदास घरी पडले होते. उठून गेले तर गाळ्यासमोर गर्दी. पाटी लागली होती. डावं टोक वर छपराच्या पत्र्याला टेकलेलं, उजवं खाली मंजुषाच्या पायरीच्या अंगाला. आधीच तिरपी असलेली अक्षरं आता जवळजवळ झोपली होती. प्रेमदास ओरडणार तोच शिडीवरच्या माणसानं खिशातून परवान्याची झेरॉक्स काढून दाखवली. मंजुरीत जसं आहे तसं लावलं, साहेब. प्रेमदासांनी नोकरीभर लोकांना हेच वाक्य ऐकवलं होतं. त्याच्यावर काही उत्तर नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पुंडलिकराव चक्कीतून बाहेर आले, वर पाहिलं, आत गेले, आणि दळणाला आलेली सगळी माणसं घेऊन परत आले.

संध्याकाळी जागृती आली. तिनं पाटी मान वाकडी करून वाचली, मग बापाचा चेहरा वाचला, आणि एवढंच म्हणाली, की बाबा, पेशंटचे दात दुखतात, मान कायले दुखवायची. पाटी सरळ झाली. प्रेमदासांनी त्याच दिवशी कचेरीला सविस्तर अर्ज लिहिला, की मंजूर तिरपेपण हे अक्षरांपुरतं मर्यादित समजावं.

सरळ पाटीवर अक्षरं खरोखर शोभत होती. दुसऱ्या दिवशी प्रेमदास स्टँडवर जाऊन, बसमधून उतरल्यासारखं करून, हातात पिशवी घेऊन चालत आले आणि स्वतःशीच हसले. दवाखाना उघडायला अजून एक दिवस होता. पण दुखऱ्या दाढेला तारीख कळत नाही. शकुबाई नावाच्या एक वयस्कर बाई गाल सुजवून, उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसमधून उतरल्या, पाटी पाहिली, आणि तिच्या रोखानं चालत निघाल्या. अक्षरं सगळी उजवीकडे झुकलेली, 'य'ची शेपटी उजवीकडे बोट दाखवत असलेली. शकुबाई दवाखान्यावरून पुढे गेल्या आणि मंजुषाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मंजुषानं दुपट्टा सोडला, डोळे मिटायला सांगितलं. शकुबाईंना वाटलं असेल अशी पद्धत. दोन्ही भुवया कोरून झाल्या तेव्हा कुठे दाढेचा विषय निघाला.

जागृतीनं त्यांना सुजेची गोळी दिली, पौर्णिमेला या म्हणून सांगितलं. शकुबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम होत्या. "पाटीच तिकडं जा म्हणून राह्यली ना बाप्पा, मी काय करू?" भुवयांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आरशात पाहून त्या थोड्या लाजल्यासुद्धा.

शेपटी थोडी कापू, असं प्रेमदास मनाशी म्हणत होते. पण त्या दुपारी वैशाखातलं ऊन वर्ध्याकडच्या उन्हानं पडावं तसं पडलं. अक्षरं प्लास्टिकची, मागं डिंक. चारच्या सुमारास डिंक पाघळायला लागला. आधी 'ज' खाली सरकला, मग वेलांट्या सुटल्या, आणि शिरोरेघेला जन्मभर लटकणारी अक्षरं शेवटी लटकायची थांबली. एकामागून एक टपटप पायरीवर पडली. बारीक कमरेची जितकी होती तितकी मधोमध मोडली. पुंडलिकराव चक्की बंद करून आले, आणि पहिल्यांदाच काही सल्ला न देता खाली वाकून तुकडे गोळा करायला लागले. प्रेमदासांना ते सगळ्यात जास्त लागलं. तुकडे ठेवायला काही नव्हतं, म्हणून ते त्याच साडीच्या पिशवीत टाकले.

आत नवी खुर्ची, नवा दिवा, नवा फिनेलचा वास. जागृतीनं पिशवी ट्रेमध्ये रिकामी केली आणि तुटलेले दात लावावेत तशी अक्षरं ओळीनं लावायला लागली. प्रेमदास दाराशी उभे होते, एखाद्या पेशंटसारखे. उद्या सकाळी भंतेजी येणार, गाव येणार, आणि दारावर डिंकाचे डाग. पोरीचं एक काम होतं आणि तेही आपण बुडवलं. जागृतीनं ओळ पूर्ण केली. तिला काहीतरी कमी वाटलं. तिनं पिशवी उलटी करून झटकली.

"बाबा, याच्यात तुमचं नाव नाई."

"बसत नोहतं," प्रेमदास म्हणाले.

"कुठी बसत नोहतं?"

"पाटीवर. अक्षर मोठं पायजे होतं. तू स्टँडवरून दिसली पायजे."

हातातला तुटका काना जागृतीनं ट्रेमध्ये ठेवला. "माह्या डिग्रीवर तुमचं नाव बसलं," ती म्हणाली. "परीक्षेच्या दरेक कागदावर बसलं. पाटीवरच काऊन बसत नाई?"

प्रेमदास रिकामी पिशवी उचलून तिच्या सुरकुत्या काढायला लागले. तिनं त्यांना घरी पाठवलं, पाटीचं काम आता तुमच्याकडे नाही म्हणून सांगितलं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा त्यांना इतकं निवृत्त वाटलं नव्हतं. घरी पोचल्यावर नागसेननं त्यांचा चेहरा पाहिला आणि सवयीनं दुपट्टा शोधायला लागला. थोड्या वेळानं जागृती स्कूटीवर आली, आईशी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजली, डबे हलवल्याचा खडखडाट झाला, आणि ती एक गुंडाळी काखेत मारून कवडूच्या दुकानाकडे गेली. प्रेमदासांनी विचारलं नाही. विचारण्याचा अधिकार गेला होता.

सकाळी गाळ्यासमोर मांडव, सतरंजी, पाण्याचा रांजण. पाटीवर निळं कापड होतं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, सगळ्यांनी मागून म्हटलं, पुंडलिकरावांनीही चक्की बंद ठेवून हात जोडले. मग जागृतीनं आईला कापडाची दोरी ओढायला सांगितली.

पाटी अगदी साधी होती. सरळ, उभं, पातळ अक्षर, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. डॉ. जागृती, आणि पुढे नगराळे. आणि त्या दोन सरळ शब्दांच्या मध्ये एकच शब्द जाड, काळाभोर, उजवीकडे झुकलेला, कान्याच्या पायाला टाच, शेपटीला घुंगरू, अगदी डब्यांखाली अंथरलेल्या त्या कॅलेंडराच्या कागदावरून उचललेला. एका कोपऱ्यात हळदीच्या डब्याचा गोल डागसुद्धा कवडूनं इमानदारीनं छापला होता. प्रेमदास. दोन शब्द सडपातळ झाल्यामुळे तिसऱ्याला ऐसपैस जागा झाली होती. सगळे ताठ उभे असताना एकच जण झुकला की डोळा तिथंच जातो, आणि जमलेल्या सगळ्यांचे डोळे तिथंच गेले. स्टँडवरूनही तोच शब्द आधी दिसत होता, हे नागसेननं जाऊन पाहून येऊन सांगितलं. सांगताना त्याला रडू फुटलं, आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

प्रेमदासांनी सवयीप्रमाणे आधी चूक शोधली. सापडली नाही. मग मात्र त्यांना पुढचं नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते. तानाबाईंनी नव्या साडीचा पदर पुढे केला. निळा काठ ओला होईल म्हणून त्यांनी तो घेतला नाही, शर्टाच्या बाहीलाच तोंड पुसलं. इतके साहेब दारावर चढवले, पण दारावर चढल्यावर कसं वाटतं हे त्यांना एकानंही सांगितलं नव्हतं.

पेढे वाटून झाले, भंतेजी भोजनाला गेले, आणि दवाखाना सुरू झाला. प्रेमदास बाहेरच्या बाकावर पाटीखाली बसले. पहिल्या पेशंट शकुबाईच होत्या. भुवया कोरलेल्या, गाल तसाच. या वेळी त्या फसणार नव्हत्या. पार्लरकडे पाठ करून त्या पाटीखाली उभ्या राहिल्या, मान वर करून एकेक अक्षर लावत वाचलं, आणि बाकावरच्या माणसाला विचारलं, की प्रेमदास डॉक्टर आहेत का, काल गोळी देणाऱ्या पोरीला नाही, आपल्याला त्यांनाच दाखवायचं आहे.

आतून जागृतीच्या हसण्याचा आवाज आला. प्रेमदास उठून उभे राहिले, त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"डॉक्टर अंदर हाय, बाई," ते म्हणाले. "मी निस्ता पाटीवर हावो."

शकुबाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि आदरानं चप्पल काढून आत गेल्या. प्रेमदास पुन्हा बाकावर बसले, थोडे उजवीकडे झुकून.